गावाकडे बदली मागावी का?

शिक्षकांच्या आंतरजिल्हा बदल्यांविषयी या सदरात मागे लिहिले, तेव्हापासून त्या विषयावरची पत्रे थांबलेली नाहीत. त्यांतील तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पत्रलेखिकेने जो प्रश्न मला विचारला आहे तोच २०१७ मध्ये मी स्वतःला कित्येक महिने विचारत होतो.

प्रश्न : मी मूळची सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याची. २००३ मध्ये डी.एड. झाले. पुढची सात वर्षे कधी विनाअनुदानित शाळेत, कधी इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत आणि मध्ये दीड वर्ष एका पतसंस्थेत कारकून म्हणून काढली. २०१० मध्ये शिक्षणसेवक (सुरुवातीच्या वर्षांत मानधनावर काम करणारा शिक्षक) म्हणून निवड होऊन राजापूर तालुक्यातील एका वाडीवरच्या शाळेत रुजू झाले आणि तेव्हापासून रत्नागिरी जिल्ह्यातच आहे. आता आई थकली आहे, पतीचा व्यवसाय जतलाच आहे. बदलीसाठी अर्ज करावा असे वाटते. पण इथल्या ज्येष्ठता यादीत मी बरीच वर आले आहे आणि तिकडे सगळे शून्यापासून सुरू होईल असे सहकारी सांगतात. आधीच वाकड्यातिकड्या वाटेने इथवर आले. वयाच्या ४४ व्या वर्षी पुन्हा मागे जावे का?
— एक शिक्षिका, राजापूर

उत्तर : आपले सहकारी सांगतात ते खरे आहे, पण अर्धेच. महाराष्ट्र जिल्हा परिषदा जिल्हा सेवा (प्रवेश) नियम, १९६७ यांच्या चौकटीत प्राथमिक शिक्षकाची ज्येष्ठता जिल्ह्यापुरती असते. त्यामुळे बाहेरून बदलून येणारा शिक्षक नव्या जिल्ह्याच्या यादीत तळाशी बसतो, आणि पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख या पदोन्नतीची रांग त्याच यादीवरून लागत असल्याने पंधरा वर्षे सेवा झालेली बाई तीन वर्षे सेवा झालेल्या मुलीच्या मागे उभी राहते. पगार मात्र मागे जात नाही. मूळ वेतन, शिल्लक रजा, वरिष्ठ वेतनश्रेणीसाठीची १२ वर्षे आणि निवडश्रेणीसाठीची २४ वर्षे यांत आधीच्या जिल्ह्यातील सेवा धरली जाते. जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, म्हणजे आपल्या हातात १४ वर्षे आहेत. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर बसायचे हे आपण मनाशी पक्के केले असेल, तर अर्ज करू नका, असे मी स्पष्टच सांगेन. वर्गात उभे राहणे हेच काम आवडत असेल, तर यादीतील क्रमांकासाठी थकलेल्या आईपासून पुढची १४ वर्षे दूर राहण्याचे कारण मला दिसत नाही.

निर्णय झालाच तर कागदांकडे आधी लक्ष द्या. आपली १२ वर्षे राजापुरातच पूर्ण झाली आहेत. वरिष्ठ वेतनश्रेणीचा आदेश अजून निघाला नसेल, तर तो हातात पडून सेवापुस्तकात त्याची नोंद होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका, कारण दुसऱ्या जिल्ह्यातून जुन्या कार्यालयाला पत्रे लिहिण्यात वर्षे जातात. आपली नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची आहे, म्हणून अंशदायी निवृत्तिवेतनासाठी पगारातून होणाऱ्या कपातीचा वर्षनिहाय हिशेब मागून घ्या आणि ज्या महिन्याची नोंद नाही तो महिना तिथे असतानाच भांडून लिहून घ्या. अंतिम वेतन प्रमाणपत्र टपालाने मागाहून येईल यावर विसंबू नका, ते स्वतः घेऊन निघा. माझे प्रमाणपत्र दोन कार्यालयांच्या मध्ये कुठे तरी अडकले आणि गावी आल्यावर पहिले तीन महिने मी पगाराविना काढले. बदली होऊन घरी आलेला मास्तर किराणावाल्याकडे उधारी लिहितो, ही बातमी गावात किती वेगाने पसरते हे निराळे सांगायला नको.

आणखी एक सावधगिरी. आदेश निघाला म्हणजे बदली झाली असे होत नाही. सोडायच्या जिल्ह्यात रिक्त पदे फार असतील तर शिक्षकाला कार्यमुक्त केले जात नाही, आणि कोकणातील जिल्हे या बाबतीत नेहमीचेच आहेत. त्यामुळे कार्यमुक्तीचा कागद हातात येण्यापूर्वी मुलांचे दाखले काढू नका आणि भाड्याची खोलीही सोडू नका.

आता आपल्या 'वाकड्यातिकड्या' वाटेविषयी. माझी वाट आपल्यापेक्षा सरळ नव्हती. मी सांगली जिल्ह्यातल्याच आटपाडीचा. १९९७ मध्ये डी.एड. झालो तेव्हा भरती नव्हती. आमच्या आटपाडी, खानापूर, विटा या भागात तरणा पोरगा रिकामा दिसला की कुणी तरी गलाईवाला पाहुणा त्याला दक्षिणेत घेऊन जातो. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा हा धंदा आमच्याकडच्या माणसांनी देशभर नेला आहे. मामाने मला तमिळनाडूत सेलमला नेले. भट्टी पेटवणे, मूस धरणे, तेजाबाच्या वाफेपासून तोंड वाचवणे, टंच म्हणजे सोन्याची शुद्धता काढताना मामाशेजारी उभे राहणे, यात दोन वर्षे गेली. घरच्यांनी डी.एड.चा खर्च पाण्यात गेला असे धरून चालले होते. नंतर दोन वर्षे एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत शिकवले, जिथे पगार संस्थेच्या मर्जीने होत असे आणि मर्जी सहसा दिवाळीच्या आसपासच होत असे. २००१ मध्ये शिक्षणसेवक म्हणून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात नेमणूक मिळाली. दरमहा मानधन ३,००० रुपये होते. मी तिथे १७ वर्षे राहिलो. मधल्या काळात, २०१४ मध्ये, पालघर हा वेगळा जिल्हा झाला आणि माझ्या शाळेच्या शिक्क्यावरचे नाव बदलले. पाड्यावर त्याने काही फरक पडला नाही. २०१७ च्या ऑनलाइन फेरीत सांगली मागितले आणि पुढच्या उन्हाळ्यात गावी आलो.

गावी परतणे सोपे जाईल, हा माझा सर्वांत मोठा गैरसमज होता. जव्हारच्या पाड्यावर मी फक्त गुरुजी होतो. माझे आडनावही अनेकांना माहीत नव्हते, आणि माहीत असते तरी त्यावरून त्यांना कोणताच निष्कर्ष काढता आला नसता. माझ्या स्वतःच्या गावात मी शाळेत पाऊल ठेवण्यापूर्वीच अमक्याचा धाकटा, तमक्याचा चुलतभाऊ आणि ग्रामपंचायतीच्या अमुक पॅनेलचा माणूस ठरलेला होतो. पहिल्याच महिन्यात मधल्या सुट्टीत एक चुलते बांधाच्या वादाचे कागद घेऊन आले, कारण 'तू शिकलेला आहेस, तहसीलदाराला अर्ज नीट लिहिशील'. तो अर्ज ज्यांच्याविरुद्ध होता त्यांची नात माझ्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसत होती. मी अर्ज लिहिला नाही. चुलते वर्षभर बोलले नाहीत. पुढे ग्रामपंचायतीची निवडणूक आली तेव्हा मुलाला कमी गुण पडण्याचे कारणही पॅनेलमध्ये शोधले जाऊ लागले. पाच वर्षे हे निभावले आणि २०२३ च्या जिल्हांतर्गत बदल्यांत अकरा किलोमीटरवरची शाळा घेतली. रात्री घरी जेवतो, सकाळी जिथे जातो तिथे पुन्हा फक्त गुरुजी असतो. म्हणून आपल्याला माझा आग्रह आहे की जिल्हा आपला मागा, मिळाला तर तालुकाही आपला घ्या, पण आपले गाव आणि सासरचे गाव पसंतिक्रमात शेवटी ठेवा. हा सल्ला ऐकून लोक मला माणूसघाणा म्हणतात. म्हणोत.

पण याच गावच्या शाळेत एक गोष्ट घडली, जिच्यासाठी मला तिथे आल्याचा पश्चात्ताप झाला नाही. २०१८ ची दिवाळीची सुट्टी संपली आणि चौथीच्या सतरा मुलांपैकी अकराच आली. सहकाऱ्यांना त्यात विशेष काही वाटले नाही. 'मेंढरं घेऊन गेली असतील, नाही तर आई-बापाबरोबर साऊथला,' एवढेच ते म्हणाले. मला मात्र जव्हार आठवले. तिथे भाताची कापणी झाली आणि दिवाळी सरली की आई-बाप मुलांसह भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पट निम्म्यावर येतो. त्यासाठी मी एक वही ठेवली होती, जिच्यात कुटुंब कोणत्या भट्टीवर, कोणत्या मुकादमाबरोबर गेले, फोन कोणाकडे आहे आणि मूल जाताना कोणत्या धड्यापर्यंत आले होते, हे लिहिलेले असे. आटपाडीत जन्मून, याच शाळेत शिकून, आमच्याकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणाकडे आणि नदीकाठच्या गावांकडे उतरतात हे मी लहानपणापासून पाहत होतो. त्या वाटेने वर्गातले मूलही जाते, हे मला जव्हारला गेल्यावाचून दिसले नसते. तशीच वही मी इथे सुरू केली.

पुढच्या जूनमध्ये एक मुलगा तमिळनाडूतून परत आला. वडील गलाईच्या दुकानात. मुलगा तिसरीपर्यंत तिथल्या शाळेत. घरात मराठी बोलत असे, पण लिहिता येत नव्हते, आणि वर्गात तो दाराजवळ उभाच राहिला. मी त्याला म्हणालो, 'वा, उट्कार.' म्हणजे ये, बस. सेलमच्या दुकानात दिवसातून पन्नासदा ऐकलेले दोन शब्द वीस वर्षांनी तोंडात आले. त्याने मान वर केली, आणि सरळ पहिल्या बाकावर येऊन बसला. पाटीवर त्याने आपले नाव तमिळ अक्षरांत लिहिले; त्याखाली मी देवनागरीत लिहिले. दोन्ही वर्गाला वाचून दाखवायला सांगितले तेव्हा त्या सबंध खोलीत दोन्ही लिप्या वाचणारा तो एकटाच ठरला, कारण मला तमिळ बोलता येते तेवढेच. वाचता येत नाही. दिवाळीपर्यंत तो मराठीचे परिच्छेद लिहू लागला.

जतच्या पूर्व भागात अनेक घरांत कन्नड बोलतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. अशा गावातील मराठी शाळा आपल्या वाट्याला आली तर ती नाकारू नका. राजापूरच्या वाडीवर पहिल्या वर्षी आपल्यालाच पोरांची बोली कळत नसेल, तेव्हा आपण काय काय केले होते ते आठवून लिहून काढा. पतसंस्थेतील दीड वर्षही वाया गेले असे धरू नका. चौथीच्या मुलांना सरळव्याज शिकवावे लागत नाही, परंतु शालेय पोषण आहाराचा तांदूळ आणि शाळा अनुदानाचा हिशेब ज्यांना जमत नाही अशा शाळांत आपल्याला फार मान मिळेल.

प्रश्न : माझे वय २९. डी.एड. आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) झाली आहे. भरतीची वाट पाहत पुण्यात एका कुरिअर कंपनीच्या गोदामात चार वर्षे काम करतो आहे. शिक्षक म्हणून निवड झालीच तर या चार वर्षांचा कलंक लागेल का? जिल्हा कोणताही मिळाला तरी घ्यावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कलंक हा शब्द आपण स्वतःहून वापरला आहे, भरतीत त्याला जागा नाही. राज्याच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून होणारी निवड अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या २०० पैकी गुणांवर, पात्रतेवर आणि बिंदुनामावलीतील, म्हणजे आरक्षणानुसार लावलेल्या पदांच्या यादीतील, जागेवर ठरते. मधली वर्षे आपण कुठे होता हे गुणवत्ता यादी पाहत नाही. संस्थेच्या शाळेत मुलाखतीचा पर्याय घेतला तर विचारतील, तेव्हा खरे ते सांगा.

अशी वर्षे वर्गात कशी उपयोगी पडतात याचे एकच उदाहरण देतो. पाचवीला दशांश अपूर्णांक शिकवत असताना एक मुलगी काही केल्या 'शून्य दशांश नऊ एक सहा' म्हणजे किती हे सांगू शकेना. तिचे वडील गलाईत आहेत हे मला माहीत होते. मी फळ्यावर नुसते ९१६ लिहिले आणि हे काय असते, असे विचारले. ती ताडकन म्हणाली, 'बावीस कॅरेट.' मग आम्ही चोवीस भागांतले बावीस भाग काढले, हजारातले किती ते काढले, आणि ९१६ च्या डाव्या बाजूला दशांशचिन्ह कुठे लपले आहे ते तिनेच शोधले. भागाकार पूर्ण केल्यावर शेवटचा सहा थांबतच नाही आणि ९१६ हा आकडा थोडा छाटलेला आहे हेही तिच्या लक्षात आले, आणि उरलेले सोने कोण घेतो, असे तिने विचारले. या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही. आपल्या गोदामात वजने, पिनकोड, मार्ग आणि वेळा आहेत; चौथीच्या गणिताला आणि परिसर अभ्यासाला एवढे साहित्य फार झाले.

जिल्ह्याबाबत मात्र घाई करू नका. आमच्या वेळी 'आधी मिळेल तिथे रुजू व्हा, बदलीचे पुढे बघू' हा सल्ला चालत असे. २०२३ पासून नव्या भरतीतील शिक्षकांसाठी आंतरजिल्हा बदलीचे नियम कडक झाले आहेत. पसंतिक्रम भरताना आणि नेमणुकीचा आदेश स्वीकारताना त्यातील अटी शब्दन् शब्द वाचा. जो जिल्हा निवडाल तिथेच निवृत्त व्हावे लागेल असे समजून निवडा.

प्रश्न : मी जव्हार तालुक्यातील पालक आहे. आमच्या पाड्यावर बाहेरच्या जिल्ह्यांतून शिक्षक येतात, आमच्या मुलांवर शिकवायला शिकतात, आणि चांगले शिकवू लागले की आपल्या गावाला निघून जातात. आपणही तेच केले. आपल्या गावाला परत जाण्याचे कौतुक या सदरात वाचताना आमच्या मुलांचे काय, हा प्रश्न कुणाला पडत नाही का?
— एक पालक, जव्हार

उत्तर : आपला आरोप मला मान्य आहे. 'शिकवायला शिकतात' हे आपले शब्दही खरे आहेत. पहिली दोन वर्षे मी मुलांना जे प्रमाण मराठीत सांगत होतो त्यातले निम्मे त्यांना कळत नव्हते, आणि मंद आहे असा शेरा मी त्या काळात एका मुलीच्या प्रगतिपत्रकावर लिहिला होता. पुढे मी त्या मुलीच्या आजीकडून वारली बोली शिकलो. तो शेरा मात्र खोडता आला नाही.

व्यवस्थेपुरते बोलायचे तर, अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकांसह काही पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतूनच भरावीत अशी राज्यपालांची अधिसूचना २०१४ मध्ये निघाली. ती पुढे न्यायालयीन वादात सापडली. तिच्यावर कायद्याच्या अंगाने काय म्हणायचे ते वकील म्हणतील. पाड्यावरच्या शाळेत पाड्याची बोली येणारा निदान एक शिक्षक असलाच पाहिजे, हे मी तिथे काढलेल्या १७ वर्षांच्या आधारे सांगू शकतो. आपल्या शाळेत जागा रिकामी असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा. या समितीत पाऊण सदस्य पालक असतात, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत पट असेल तर दोन शिक्षक हवेत. कमी पटाच्या शाळांविषयी नंतर निघालेल्या शासन निर्णयांनी यात गुंता केला आहे, तरीही पटाचा आकडा, रिक्त पद आणि किती दिवसांपासून ते रिक्त आहे, एवढे तिन्ही लिहिलेला ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोच घेऊन दिला की तो निदान फाइलीत राहतो. तोंडी तक्रार तेवढीही टिकत नाही.

माझ्यापुरते विचाराल तर, जाताना मी त्या शाळेत चार वह्या ठेवून आलो. तीन बोलीतल्या शब्दांच्या, मुलांनीच सांगितलेल्या आणि त्यांनीच चित्रे काढलेल्या; चौथी भट्ट्यांची. त्या घेऊ का, असे माझ्या जागी आलेल्या शिक्षिकेने विचारले नाही, आणि मीही त्यांना दाखवून दिल्या नाहीत, कपाटात ठेवल्या आणि किल्ली दिली. हे माझे चुकले. वर्ष-दीड वर्षाने, नोव्हेंबरमध्ये, त्यांचा फोन आला. तिसरीतली दोन भावंडे दिसेनाशी झाली होती आणि कपाट आवरताना चौथी वही सापडली होती. वहीत त्या कुटुंबापुढे मुकादमाचा जुना नंबर होता, तो लागत नव्हता. मी सांगितले की तो मुकादम आपल्या मेहुण्याच्या नंबरवर मिळतो, आणि मेहुण्याचे नाव सहाव्या पानावर दुसऱ्या कुटुंबाच्या नोंदीत आहे. त्यांनी फोन चालू ठेवून पाने उलटली.